मेंदूबद्दल लोक मला वारंवार विचारतात ते प्रश्न

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वाचनालय, महिला मंडळ, देवळाचा सभामंडप, जिथून बोलावणं येईल तिथे मेंदूवर बोलायला जातो. भाषण अर्ध्या तासाचं असतं, प्रश्न मात्र दीड तास संपत नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे उतरवून ठेवली आहेत. काही उत्तरं तिथे दिलेलीच आहेत, काही घरी परतताना बसमध्ये सुचलेली. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषध मला विचारू नका.

मुलीच्या पुस्तकात सेरेब्रम, सेरेबेलम, मेडुला असं लिहिलंय. मराठीत काय म्हणायचं?

हा प्रश्न आयाच विचारतात, कारण त्या मराठीतून शिकल्या आणि मुलं इंग्रजीतून शिकतात. मराठी पाठ्यपुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ असे शब्द आहेत. मला विचाराल तर मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ एवढं पुरे. देठाचा अगदी खालचा भाग म्हणजे मस्तिष्कपुच्छ, आणि तिथूनच पाठीच्या कण्यात मेरुरज्जू उतरतो. न्यूरॉनला चेतापेशी म्हणतात. हे चार-पाच शब्द आईला ठाऊक असले की मुलीचा अभ्यास घेता येतो.

मेंदू प्रत्यक्षात दिसतो कसा? किती मोठा असतो?

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. प्रयोगशाळेतल्या बरणीत दिसतो तो औषधात मुरून घट्ट झालेला असतो. जिवंत मेंदू फार मऊ. आडसर, म्हणजे शहाळं, फोडल्यावर आत जी कोवळी मलई मिळते, बोट लावलं की दबणारी, तितपत. इतकी नाजूक वस्तू शाबूत राहते ती तीन आवरणांमुळे, आणि त्याहून अधिक सभोवतालच्या पाण्यासारख्या द्रवामुळे. मेंदू त्यात तरंगतो, म्हणून त्याचा खालच्या भागावर पडणारा भार जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास उरतो. हा मस्तिष्क-मेरुद्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा विहिरीचं पाणी उपसून पुन्हा भरावं तसं.

वरच्या वळ्या लोकांना अक्रोडासारख्या वाटतात. मोठ्या मेंदूवरची राखाडी साल दोन ते चार मिलिमीटर जाड असते. ती पसरली तर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी होईल. एवढं पान कवटीत बसवायचं तर चुरगळावंच लागतं. म्हणून तर सालीचा बराचसा भाग घड्यांच्या आत दडलेला असतो.

अपघाताचं इथेच सांगून टाकतो. डोकं कठड्यावर आपटलं की कवटी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो आधी एका बाजूला आदळतो आणि कधी उलटून दुसऱ्याही बाजूला. बाहेर खरचटलेलंसुद्धा नसताना आत रक्त साचू शकतं ते यामुळे. म्हापशाच्या स्टँडवर पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसताना "दोन मिनिटांचं तर अंतर" म्हणून हेल्मेट नाकारणाऱ्यांना मी आडसराची गोष्ट सांगतो.

कुठला भाग कोणतं काम करतो?

फळ्यावर चित्र काढून चार रंगांत रंगवलं की मुलांना वाटतं, मेंदू म्हणजे चार खोल्यांचं घर. तसं नाही. आपल्या गावाचं घ्या. कुंभारवाडा, भाटातला वाडा, देवळाजवळचा वाडा. प्रत्येकाचं काम ठरलेलं, पण जत्रा उभी राहते ती वाड्यावाड्यांतल्या पायवाटांवरून माणसं धावली की. मेंदूतही भाग आहेत, परंतु कोणतंही काम एकट्या भागाचं नाही.

तरीही वाडे सांगतो. मोठ्या मेंदूचे दोन अर्धे, आणि प्रत्येकात चार खंड. मागचा खंड पाहण्याचा. डोळे पुढे आणि पाहणारा भाग डोक्याच्या मागे, हे ऐकून सभेत नेहमी कुणीतरी आपलं डोकं चाचपतं. कानाजवळचा खंड ऐकण्याचा आणि ओळखण्याचा. माथ्याखालचा खंड स्पर्शाचा, शिवाय आपला हात या क्षणी कुठे आहे हे जाणण्याचा. पुढचा खंड सगळ्यांत मोठा: हालचाल, बेत, आणि "आत्ता बोलू नये" हे शहाणपण.

या शहाणपणाची सर्वांत प्रसिद्ध साक्ष अमेरिकेतली. १८४८ साली फिनियस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम सुरुंग ठासत असताना स्फोट झाला आणि मीटरभर लांबीची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तो जगला, बोलला, चाललाही. पण ओळखीचे म्हणू लागले, हा पूर्वीचा गेज राहिला नाही. पुढच्या खंडाचा स्वभावाशी संबंध असावा, ही शंका इथून बळावली. त्याच पुढच्या खंडाच्या वाटा मुद्दाम कापण्याची शस्त्रक्रिया १९३५ मध्ये लिस्बनचे एगास मोनिझ यांनी सुरू केली, मनोरुग्णांना शांत करण्यासाठी. १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचंच राज्य होतं. शांत झालेल्या कित्येक रुग्णांची इच्छा, ओढ, हसणंही शांत झालं, आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. याच मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे काढायची पद्धत शोधली. तिच्या सुधारलेल्या रूपावर आजही डॉक्टर विसंबतात. नोबेल त्या कामाला मिळायला हवं होतं, असं माझं मत.

आता लहान मेंदू. नावानं फसू नका. मेंदूच्या एकूण वजनात त्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण चेतापेशी सगळ्यांत जास्त त्याच्याकडे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यांतल्या जवळजवळ ६,९०० कोटी लहान मेंदूत. का? आमच्या माडावर चढणारा पाडेली आठवा. पायाचा विळखा, हाताची पकड, वाऱ्यावर डोलणारा माड, कमरेला कोयता. कुठला स्नायू किती आवळायचा हे तो मनात ठरवत बसला तर खाली येईल. हिशेब लहान मेंदू करतो: ठरवलेली हालचाल आणि झालेली हालचाल यांतला फरक क्षणाक्षणाला मोजून दुरुस्त करतो.

देठ दिसायला क्षुल्लक, अंगठ्याएवढा. श्वास, हृदयाची गती, गिळणं, झोपेतून जागं होणं, सगळं तिथे. मोठ्या मेंदूला इजा झाली तर माणूस बदलतो. देठाला झाली तर बहुधा राहतच नाही.

आतल्या बाजूला आणखी मंडळी आहेत. थॅलॅमस ही बातम्यांची चौकी. त्याच्याखाली हायपोथॅलॅमस, बदामाएवढा, भूक-तहान-ताप सांभाळणारा. मे महिन्याच्या उकाड्यात घाम फुटतो तो त्याच्या हुकमावरून.

डाव्या मेंदूची माणसं हिशेबी आणि उजव्या मेंदूची कलावंत, हे खरं का?

नाही. डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा डावी, एवढं पक्कं. बहुतेकांची बोलण्याची सूत्रं डावीकडे असतात, हेही खरं. पण दोन्ही अर्ध्यांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा मध्ये आहे आणि त्यावरून अहोरात्र ये-जा चालू असते.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो ना?

दहा टक्के वापरायला शंभर टक्क्यांचं भाडं कोण भरेल? मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के एकटा खातो. बहुतेक सगळे भाग दिवसभरात कामाला लागतात, झोपेतसुद्धा. हा दहा टक्क्यांचा आकडा क्लासवाल्यांच्या जाहिरातींत फार दिसतो.

घरात कोंकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. पोराच्या डोक्यात गोंधळ होत नाही का?

पेडण्यापासून काणकोणापर्यंत, गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हा प्रश्न चुकत नाही. आणि विचारणारी बाई स्वतः एका वाक्यात तीन भाषा वापरून विचारते!

मूल भाषा मिसळतं म्हणजे त्याचा गोंधळ उडालेला नसतो. समोरच्याला जे कळतं ते बोलतंय, इतकंच. आजीशी कोंकणीत आणि बाईंशी इंग्रजीत बोलायचं हे पोरं लहानपणीच ओळखतात. प्रत्येक भाषेसाठी मेंदूत वेगळा कप्पा नसतो. बहुतांशी तीच यंत्रणा सगळ्या भाषा चालवते, आणि या घडीला कोणती भाषा दाबून ठेवायची हे पुढचा खंड सांभाळतो.

ही यंत्रणा सापडली ती आजारी माणसांमुळे. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला सांगितलेलं बरंच कळायचं, तोंडातून मात्र एकच अक्षर निघायचं, "तां". तो वारल्यावर मेंदू पाहिला तेव्हा पुढच्या खंडाच्या डाव्या भागात बिघाड सापडला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट तऱ्हा दाखवली: कानामागच्या बाजूला बिघाड झाला तर माणूस अस्खलित बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही कळत नाही.

मग अनेक भाषा येणाऱ्याला पक्षाघात झाला तर कुठली भाषा जाईल? एकोणिसाव्या शतकात दोन तट होते. एक म्हणे आईकडून शिकलेली आधी परत येते, दुसरा म्हणे रोजच्या वापरातली. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांच्या सगळ्या भाषा जवळपास बरोबरीनं सावरतात, पण अपवाद पुष्कळ. माझ्या शेजारच्या आजोबांना आजारानंतर काही आठवडे पोर्तुगीज शब्द आधी सुचायचे. पोर्तुगीज काळातल्या लिसेवमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिकलेले होते. घरात सून आणि नातवंडं, पोर्तुगीज कुणालाच येत नाही. "आग्वा" म्हणजे पाणी, एवढं सुनेनं पहिल्या दिवशी शिकून घेतलं.

पणजीत त्या पुतळ्यातला पाद्री बाईवर जादू करतोय का?

मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी. पर्यटक फोटो काढतात आणि आपण बसची वाट बघत तिकडे पाठ करून उभे राहतो. तो आबे फारिया. जन्म १७५६, कांदोळी, बार्देस. मरण १८१९, पॅरिस. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, १९४५ साली उभा राहिला.

जादू होते, ही समजूत मोडणाराच तो माणूस. त्या काळी युरोपात मेस्मर या डॉक्टरांचं मत गाजत होतं: संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह वाहतो आणि समोरचा झोपतो. १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवताना फारिया सांगू लागला की माझ्यातून काही वाहत नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्याच मनात घडतं, सूचना आणि लक्ष एकवटणं यांमुळे. पॅरिसनं त्याची टवाळी केली. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी त्याच वाटेनं जाणं पसंत केलं. अलीकडे मेंदूच्या चित्रणात दिसलं आहे की संमोहनात "दुखणं सुसह्य वाटेल" अशी सूचना दिली की वेदनेचा त्रास नोंदवणाऱ्या भागातली हालचाल बदलते. हाताला लागलेला चटका तोच, त्रास वेगळा.

फारियाची एक गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला, समोर बडे लोक, आणि याची जीभच टाळ्याला चिकटली. तेव्हा बाप खालून कोंकणीत कुजबुजला म्हणे: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा घडाघडा बोलला. गोष्ट खरी का रचलेली ते बाजूला ठेवू, पण मेंदूचा धडा शिकवायला याहून सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही. कानाजवळच्या खंडात आत, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. तो धोका हुंगतो: वाघ असो की शंभर डोळे, त्याला सारखेच. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. पुढच्या खंडाला समोरच्या दृश्याचा दुसरा अर्थ मिळाला, की हे सरदार नव्हेत, भाजी आहे, तर तो अमिग्डालाला आवर घालू शकतो. उत्सवी नाटकात पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. डोळे मिटून पाठ केलेलं बोलू नका, भाजी बघा.

पहिल्या पावसाचा किंवा काजूच्या भट्टीचा वास आला की चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं कसं आठवतं?

बाकीच्या ज्ञानेंद्रियांची बातमी आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबते. वासाची थेट आत जाते, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांच्या दारात. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा, दिसतोच तसा. आठवणी नव्यानं बांधायचं काम तो करतो. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. फेफरं कमी झालं, पण पुढची पन्नासहून जास्त वर्षं, २००८ मध्ये वारेपर्यंत, त्याला नवीन भेटलेलं माणूस काही मिनिटांपलीकडे आठवेना. गंमत अशी की हाताचं नवं कसब तो शिकायचा, फक्त आपण ते शिकलो हे त्याला ठाऊक नसायचं. आठवण एका ठिकाणी नसते हे विज्ञानाला त्यानं शिकवलं.

एप्रिलात थोडं हुर्राक, म्हणजे काजूची सौम्य दारू, घेतलं तर मेंदूला काय होणार?

विचारणारे मागच्या बाकावर असतात आणि हसत विचारतात. दारू चेतापेशींमधली "थांब"ची खूण जोरात करते आणि "चल"ची दबकी. पहिल्यांदा पुढच्या खंडाचं शहाणपण सुटतं, म्हणून माणूस गाऊ लागतो. मग लहान मेंदू, म्हणून पाय वाकडे. त्यापुढे समुद्रघोडा लिहायचं थांबवतो आणि सकाळी काही आठवत नाही. आणखी प्याला तर पाळी देठाची, म्हणजे श्वासाची. हुर्राक फेणीहून सौम्य म्हणून तांब्या तांब्यानं पितात, तिथेच फसतात.

चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पाव, खाल्ल्यानं फेफरं येतं का?

अर्धसत्य आहे, म्हणून नीट ऐका. डुकराच्या नीट न शिजवलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी वाढू शकतो. पण मेंदूत जाऊन बसतात त्या गाठी त्या कृमीच्या अंड्यांपासून होतात, आणि अंडी येतात ती कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या पालेभाजीतून. म्हणून जन्मात मांस न शिवलेल्यालाही या गाठींमुळे फेफरं येऊ शकतं. भारतात फेफऱ्याचं हे एक मोठं कारण आहे. हात आणि भाजी धुणं हा उपाय.

फेफरं म्हणजे असंख्य चेतापेशींनी एकदम, एका तालात विजेचा मारा करणं. त्यावर कांदा हुंगवून किंवा चप्पल नाकाला लावून काही होत नाही. ते आपोआप थांबतं आणि श्रेय चपलेला जातं. माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच रुग्णवाहिका.

अंगावरून वारं गेलं म्हणतात, ते काय?

तो पक्षाघात, वाऱ्याचा काही दोष नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. तोंड एका बाजूला ओघळतं, एक हात वर राहत नाही, बोलणं जड होतं. तिन्हींतलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा. तेल चोळत बसू नका, देवाला कौल लावायचा तो नंतर लावा. रक्तवाहिनी तुंबली असेल तर गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. दक्षिण टोकाच्या काणकोणातून बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यावरच जातो. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, एवढी तुलना पुरे.

बांगडे-तारले खाल्ले की डोकं चांगलं चालतं ना?

मेंदूचं पाणी वगळलं तर उरतो त्यात निम्म्याहून अधिक चरबी, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा घटक तेलकट माशांत भरपूर असतो. तेव्हा तारले खा. परीक्षेच्या आदल्या दिवशी चार जास्त खाल्ले तर मात्र झोप येईल.

साठीनंतर नवीन काही शिकता येतं का?

येतं, वेळ लागतो. नव्या चेतापेशी प्रौढपणी फारशा तयार होत नाहीत, पण असलेल्यांमधल्या वाटा वापरानं रुंदावतात. लंडनचे टॅक्सीवाले शहराचे हजारो रस्ते पाठ करतात. त्यांच्या समुद्रघोड्याचा मागचा भाग इतरांहून मोठा असल्याचं २००० साली दाखवण्यात आलं.

सभेत हे ठणकावून सांगतो, म्हणून चतुर्थीच्या आरतीसाठी मी गेल्या वर्षी घुमट हे मडक्यासारखं वाद्य शिकायला बसलो. उजव्या हातानं कातडं वाजवायचं, डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा. पहिले दोन महिने डावा हात उजव्याचंच करत राहिला. आता दोन्ही वेगळे चालतात, फक्त आरतीचे शब्द म्हणायला लागलो की थांबतात. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, "सर, तुम्ही वाजवा, म्हणतो आम्ही."